प्रमाणानं कॅमेऱ्याकडे पाहू नये

आई, काल मी तुझ्या वर्गात जाऊन बसले. शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी. बाक बदलले आहेत, पंखे बदलले आहेत, फळ्याच्या जागी पांढरा पडदा आला आहे. भिंतीजवळचं काचेचं कपाट मात्र तेच, आणि आतले दगडही तेच. शेजारच्या मुलीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, "मॅम, तुम्ही इन्स्पेक्शनले आल्या का?" मी नाही म्हटलं. "मग?" "शिकायला आले." ती हसली, तिनं आपली बॅग मांडीवर घेतली आणि मला नीट जागा करून दिली.

शिकवणार होती ती खाप्याची मुलगी. तू तिला नावानं हाक मारायचीस. मी तिला मनात कधीच नावानं हाक मारली नाही, अजूनही मारत नाही. माझ्याच वर्गात होती ती. कन्हानच्या काठच्या खाप्याहून रोज बसनं यायची, आणि आता तुझ्या खुर्चीवर बसते. परवा तिचा फोन आला. "मॅडमच्या स्लाइडायले बुरशी लागून राहिली होती. साऱ्या पुसल्या, कम्प्युटरवर घेतल्या. उद्या फर्स्ट इयरले दाखवून राहिली मी. येते का वं?" मी आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलं. वाक्यात असं 'राहिली' आलं की माझा हात लाल पेनाकडे जातो. तरी मी येते म्हटलं. सकाळी हुडकेश्वरच्या घरून निघाले तेव्हा मला माहीत होतं की मी तुझ्या स्लाइड बघायला चाललेली नाही. तुझं तिच्याकडे काय काय आहे ते मोजायला चालले आहे. या वयात मत्सर कुणाला सांगता येत नाही. तरुणपणी मैत्रिणीला सांगता येतो, लोक हसतात आणि विसरतात. आता सांगितला तर लोक काळजी करतील. म्हणून तुला सांगते.

पहिला मत्सर मला हातोड्याचा वाटला होता. मी चौथी-पाचवीत असेन. रविवारी तू मला शहराच्या पश्चिमेला, काळ्या दगडाच्या एका बंद खाणीत घेऊन गेली होतीस. खाणीच्या भिंतीवर दगड कांद्यासारखे पापुद्रे सोडत होते. तू विद्यापीठाचा कॅमेरा काढलास. फोटोत दगड किती मोठा आहे हे कळत नाही, टेकडीएवढा की मुठीएवढा, म्हणून शेजारी ओळखीची वस्तू ठेवावी लागते हे मला तोवर पाठ झालं होतं. पेनाचं टोपण, नाणं, हातोडा. मोठा कडा असेल तर माणूस. याला तू प्रमाण म्हणायचीस. मी विचारलं, "आई, मी उभी राहू? प्रमाणासाठी?" तू कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणालीस, "तू नको. तू अजून वाढते आहेस. वाढणारी वस्तू प्रमाण म्हणून चालत नाही." मग तू खडकावर हातोडा ठेवलास. थोडा तिरका वाटला म्हणून पुन्हा जाऊन सरळ केलास. माझी वेणी तू सकाळी पेपर वाचता वाचता घालायचीस, एक बाजू नेहमी सैल राहायची. हातोडा दोनदा सरळ केलास. त्या आठवड्यात मी दूध प्यायचं बंद केलं. वाढ थांबवायला तेवढं पुरेल असं मला वाटलं होतं. तू मला जंताचं औषध दिलंस.

घरात आणखी एक प्रमाण होतं, त्याच शब्दाचं, पण दुसरं. तुझं माहेर उमरेडचं, विणकरांचं. मामांचे माग तेव्हाच बंद पडले होते, मागाच्या खड्ड्यात कांदे ठेवायचे. तू त्या घराचा उंबरठा ओलांडायचीस आणि तुझी भाषा बदलायची. "काहून गा दादा, केवढा वाळला तू? वहिनी जेवाले देत नाही का?" मामा म्हणायचे, "देते, पन मले गिळवत नाही तिच्या हातचं." आणि आतून मामी ओरडायची, आणि तू हसायचीस. तसं हसताना मी तुला नागपूरच्या घरात पाहिलेलं नाही. मी मामेबहिणीकडून ते सगळं पटकन उचलायचे. परतीच्या बसमध्ये मी एकदा म्हटलं, "मले पन खिडकी पाहिजे." तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "मला. पण." बस उभी राहीपर्यंत तू मला ते दोन शब्द म्हणायला लावलीस, मागे बसलेला माणूस ऐकत होता. पुढे कधीतरी बाबांनी सांगितलं की नोकरीच्या मुलाखतीत तू 'मले' म्हणालीस तेव्हा टेबलापलीकडचं कुणीतरी हसलं होतं. बाबांच्या घरचे तर सगळेच शुद्ध बोलणारे, कारकुनी करणारे, त्यांनी तोंडावर हसणं टाळलं असेल. तू मला यातलं काही सांगितलं नाहीस. तू फक्त मला प्रमाणभाषा दिलीस, आणि ती घट्ट बसली.

बारावीनंतर मी भूशास्त्र घेतलं तेव्हा तुला वाटलं मला दगड आवडतात. मला दगड आवडत नव्हते. रोज सकाळी डबा घेऊन तू जिथे जायचीस तिथे तू कोण असतेस ते मला बघायचं होतं. पहिल्या तासाला तू टेबलावर एक काळा दगड ठेवलास आणि वर्गाला म्हणालीस, "नाव नंतर सांगा. आधी दिसतं ते सांगा." कुणी म्हणालं काळा. कुणी म्हणालं जड. मला त्याचं नाव माहीत होतं, तो कसा झाला, कुठून वाहत आला तेही माहीत होतं, पण नाव नंतर सांगायचं होतं म्हणून मी गप्प. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून एक मुलगी उठली, हीच खाप्याची, तेल लावून घट्ट बांधलेली एक वेणी, आणि म्हणाली, "मॅडम, याले भोकं आहेत. धिरड्याले पडतात तशी." वर्ग हसला. धिरड्यालाही हसला आणि 'ले'लाही हसला. तू हसली नाहीस. दगड हातात घेऊन तू तिच्या बाकापर्यंत गेलीस. "काहून पडतात वं धिरड्याले भोकं?" तू विचारलंस. हसणारे सरळ बसले. ती म्हणाली, "वाफ निंगते, मॅडम. निंगाच्या आधी वरून सुकलं तं भोक राह्यते." "तसंच आहे हे," तू म्हणालीस, आणि दगड तिच्या हातात दिलास. लाव्हा, त्यातला वायू, थंड होणं, सगळा तास तू त्या धिरड्यावर घेतलास. मी एक ओळ लिहून घेतली नाही. तुझं ते 'वं', घरच्या बायकांना लावायचीस ते, मी उमरेडच्या बाहेर पहिल्यांदा ऐकत होते, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

मी तिला सरळ नावं ठेवावीत अशी ती नव्हती, हा त्रास वेगळाच. हुशार होती, कुणाला तिरकं बोलायची नाही, माझ्या शेजारी बसून डबा खायची. "तुझी मम्मी आहे म्हणून तुले भेव नसन लागत," ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, "वर्गात त्या मॅडम आहेत." "घरी?" "घरी आई." "मग दोन दोन मिळाल्या न वं तुले," ती म्हणाली, खरंच कौतुकानं, आणि लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली.

नदीचा धडा आला तेव्हा तू वर्गाला म्हणालीस, "घरी तांदूळ रोळताना बघा. हलका कोंडा वाहून जातो, खडे तळाशी राहतात. नदी हेच करते. नदी रोळते." मी इतकं चांगलं वाक्य पुढे साहित्याच्या वर्गातही फार कमी ऐकलं. पण आपल्या घरात तांदूळ मी रोळायचे. रोज संध्याकाळी, ओट्यापाशी, आणि तू मागे टेबलावर पेपर तपासत बसलेली असायचीस, हाताच्या अंतरावर. तू मला कधी हे सांगितलं नव्हतंस. त्या संध्याकाळी मी मुद्दाम हळूहळू रोळलं. पातेलं तिरकं धरलं, पाणी सोडलं, कोंडा जाऊ दिला, खडे तळाशी जमू दिले, तुला दिसेल असं. तू मान वर केलीस आणि म्हणालीस, "नळ बंद कर." मी नळ बंद केला आणि विचारलं, नदीचा वेग कमी झाला की जे जड ते आधी खाली बसतं ना? तू म्हणालीस, "उद्या विभागात विचार. घरी मी जेवायला आले आहे." दुसऱ्या दिवशी मी विचारलं नाही. तेच तिनं विचारलं, आणि तू तिच्यासाठी काचेच्या बरणीत वाळू, माती आणि पाणी घालून हलवलंस. सगळा वर्ग बरणीभोवती उभा राहून गढूळ पाणी निवळताना बघत होता. मी जागेवर बसून होते. मला बसल्या जागेवरून तुम्हा सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या.

हिवाळ्यात तू आम्हाला खाप्याला नेलंस. नदी तिथे वळते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला काठ कापला गेला आहे, आतल्या अंगाला वाळू साचली आहे. कापलेल्या काठात खाली जुना खडक दिसतो, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा, पट्ट्या पिळलेल्या, आणि त्याच्यावर गाळाचे थर. साडीचा पदर खोचून, पायात कापडी बूट घालून तू पाण्याच्या कडेनं पुढे चालत होतीस आणि आम्ही मागे. जिथे थांबायचीस तिथे म्हणायचीस, "उभी राह्य वं तिथं," आणि खाप्याची मुलगी जाऊन उभी राहायची. कशी उभी राहायची ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. तळहात खडकावर, तोंड खडकाकडे, वेणी पाठीवर सरळ. तिला कुठे बघ म्हणून सांगावं लागायचं नाही. ती खरोखरच खडक बघत असायची. तू रिंग फिरवायचीस, कळ दाबायचीस, ती पुढे चालू लागायची, आपला फोटो निघाला हे तिच्या लक्षातही नसायचं.

दुपारी ती वर घरी गेली, आमचं जेवण तिच्या घरून येणार होतं म्हणून. तेवढ्यात पिळलेल्या पट्ट्यांचा सगळ्यात मोठा भाग समोर आला आणि त्याच्यावर ऊन तिरकं पडलं होतं. तू कॅमेरा वर केलास, आजूबाजूला पाहिलंस, ती नव्हती. ऊन सरकत होतं. मुलं मागे पाण्यात दगड मारत होती. तुझी नजर माझ्यापाशी आली. "तू ये," तू म्हणालीस. मी गेले. आता माझी वाढ थांबली होती, निदान तेवढं कारण तुझ्याकडे उरलं नव्हतं. मी तळहात खडकावर ठेवले, तिच्यासारखे. खडक गार होता. मागे कॅमेऱ्याची रिंग फिरल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. तू बघत होतीस. तू एका डोळ्यानं फक्त माझ्याकडे आणि माझ्याभोवती जे होतं त्याच्याकडे बघत होतीस, आणि मला पाठीवर ते कळत होतं, आणि मी मान वळवली. तू ओरडलीस, "इकडं काहून पाहून राहिली वं? दगडाकडे पाह्य!"

मी दगडाकडे पाहिलं नाही. मी पूर्णच वळले. तू ते कुणाला म्हणालीस ते बघायला मी वळले, कारण ते मला म्हटलं असेल असं पहिल्यांदा वाटलंच नाही. तिथे दुसरं कुणी नव्हतं. आणि तेवढ्यात तुझं बोट कळीवर पडलं.

वरून ती आली, डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन. तू तिला टोपली खाली ठेवायला लावलीस आणि त्याच जागी उभं केलंस. मला म्हणालीस, "बाजूला हो, सावली पडते आहे." आणि मी बाजूला झाले तेव्हा म्हणालीस, "प्रमाणानं कॅमेऱ्याकडे पाहायचं नसतं. तू फोटो काढून घ्यायला उभी राहिलीस." सगळं पुन्हा शुद्ध झालं होतं.

जेवायला तिची आई वाढत होती. भाकरी, झुणका, वांग्याची भाजी. मी म्हटलं, "मला थोडंच वाढा." तिची आई वाढता वाढता थांबली. "कोनाची वं हे पोरगी? पुन्याची आहे का?" सगळे हसले. तू भाकरी मोडत म्हणालीस, "माझी आहे." "तुमची? आन् असं काहून बोलते?" तू म्हणालीस, "शिकवलं तसं बोलते." "मग आता थोडं आमचं शिकवा न बाई, उपाशी राह्यन पोरगी इथं." पुन्हा सगळे हसले. तूही हसलीस, उमरेडला हसायचीस तसं. मी दोन भाकरी खाल्ल्या.

त्या वर्षानंतर मी भूशास्त्र सोडून मराठी घेतलं. तू अडवलं नाहीस. "ठीक आहे, शुद्ध लिहितेस," म्हणालीस. तू निवृत्त झालीस त्या दिवशी दगड तपासायचं तुझं भिंग तू तिला दिलंस, निरोप समारंभात, सगळ्यांसमोर. मला नंतर घर मिळालं, पाटल्या मिळाल्या, आणि जे काय मिळायचं ते सगळं मिळालं. तुझ्या शेवटच्या आजारात तू नर्सला म्हणायचीस, "मले पानी दे वं." मी आतून धावत पाणी घेऊन यायचे, आणि तू डोळे उघडून बघायचीस आणि म्हणायचीस, "ठेव तिथे." इतक्या तापातही तुझी चूक झाली नाही. मी वाट बघत होते.

तर काल. भिंग तिच्या गळ्यात होतं, काळी दोरी नवी घातली आहे. ती शिकवते तशीच, जशी बोलते. "काहून रे, सकाळी सकाळी झोप लागून राहिली का? खिडकी उघड." कुणी हसत नाही. तिच्या तासाला मुलं आपल्या घरच्यासारखी पाय पसरून बसतात. त्या खोलीत माईकवरून 'मले' ऐकताना मला तुझी मुलाखत आठवली, आणि वाटलं की टेबलापलीकडच्या त्या माणसाला इथे आणून बसवावं. मग वाटलं, त्याच्याशेजारी मलाही बसवावं लागेल.

खिडक्या बंद केल्या, पडदा उजळला. स्लाइडचे रंग गुलाबी पडले आहेत. नदीचा कापलेला काठ आणि तिची पाठ. खाणीची भिंत आणि तिची पाठ. कामठीकडचा लाल वाळूचा दगड आणि तिची पाठ. "हे मी. हेही मी. थोबाड नाही दिसत तेच बरं, नाहीतं तुम्ही पळून जाता," ती म्हणाली आणि मुलं हसली. ती नदीच्या वळणाबद्दल सांगत होती, बाहेरचा काठ काहून कापते, आतला काहून भरते. मला ते सगळं समजलं. एवढ्या वर्षांनी एकेक शब्द समजला, आणि तू सांगत असताना मी लिहून घेतलं नव्हतं याचा राग आला. मग पुढची स्लाइड आली आणि पडद्यावर मी होते.

अख्ख्या भिंतीएवढी. सैल वेणी खांद्यावर, हात अजून खडकावर, चेहरा सरळ समोर, तोंड थोडं उघडं. मुलांनी "ओ!" केलं, कुणीतरी शिट्टी वाजवली. ती म्हणाली, "गप. पहिले कुठं पाह्यलं, खरं सांगा." समोरचा एक मुलगा म्हणाला, "पोरीकडे, मॅम." "दगड पाह्यला?" "नाही." "नदी?" "नाही." "बराबर. म्हणून हे स्लाइड आहे. मॅडम दर साली पहिल्या आठवड्यात दाखवत. म्हणत, हा फोटो चुकला आहे. यात खडक दिसत नाही, यात फक्त ही मुलगी दिसते." शेवटचं वाक्य तिनं तुझ्या सुरात म्हटलं, शुद्ध. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी मराठीच्या वर्गात होते, मग नोकरीत होते, मग लग्न, मग हुडकेश्वर, आणि इकडे दर वर्षी तू पडदे ओढून मला भिंतीएवढी करत होतीस आणि नव्या मुलांना सांगत होतीस की हिच्याकडे बघणं चूक आहे.

"कोण होत्या त्या?" कुणीतरी विचारलं. तिनं शेवटच्या बाकाकडे पाहिलं नाही. "होती एक, आमच्याच बॅचची," ती म्हणाली. "मॅडमनं नाव कधी नाही सांगितलं." माझ्या शेजारची मुलगी पडद्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. तिनं हळूच म्हटलं, "मॅम, तुम्ही..." मी म्हटलं, "दगडाकडे बघ."

तास संपल्यावर आम्ही तुझ्या खोलीत चहा प्यायलो. तिनं कपाटातून ती मूळ स्लाइड काढली, पुठ्ठ्याच्या चौकटीतली, आणि माझ्यासमोर ठेवली. "घेऊन जाय वं. तुझीच आहे." मी ती उजेडात धरली. नखाएवढी मी. ती म्हणाली, "एक सांगू? मले लय राग ये या स्लाइडचा. सारी नदी पालथी घातली मी मॅडमसंग, काटे मोडले पायात. पन कोन्या बॅचनं विचारलं नाही का हे पाठ कोनाची. तुझं साऱ्यायनं विचारलं. फोटोले हसत उभी राह्यली तू अन् मॅडमच्या वर्गात कायमची बसली." ती हे हसून म्हणाली, आणि चहात बिस्किट बुडवलं, आणि ते तुटून आत पडलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

मी हसत नव्हते. फोटोत नीट पाहिलं तर कळतं. पण तिला वाटतं मी हसत होते, साऱ्या वर्गाला वाटतं मी पोझ दिली, तूही तेव्हा तसंच म्हणालीस. ती त्या वेळी वर भाकरी आणायला गेली होती. त्या आधीच्या क्षणी तू काय ओरडलीस ते तिनं ऐकलेलं नाही. ऐकलं असतं तरी तिला त्यात काही नवीन वाटलं नसतं, तिला ते रोज मिळायचं. मी तिला सांगू शकले असते. ती माझ्याशी इतकं खरं बोलली होती, मीही बोलायला हवं होतं. मी सांगितलं नाही. भिंग तिच्याकडे आहे, बरणी तिच्याकडे आहे, 'नदी रोळते' आता तिचं वाक्य आहे, तुझा सूर तिच्या गळ्यात आहे. हे एक मी ठेवून घेतलं.

आणि स्लाइड परत तिच्याकडे सरकवली. "इथेच राहू दे, मुलांना उपयोगी आहे," मी म्हटलं. "मोठ्या मनाची आहे तू," ती म्हणाली. माझं मन मोठं नाही, तुला माहीत आहे. तिची अजून दोन-तीन वर्षं आहेत. दर वर्षी तिला त्या अंधारात माझ्या शेजारी उभं राहावं लागेल, आणि वर्ग माझ्याकडे बघेल.

आज सकाळी लिहायला बसले. पहिल्या कागदावर लिहिलं, 'आई, मले'. तुझ्या भाषेत लिहायचं ठरवलं होतं, आता कोण हसणार आहे. तेवढ्यावर पेन थांबलं. पुढचा शब्द मला येत नव्हता. मला ती भाषा नीट ऐकू येते, दुसऱ्याच्या वहीत सापडली की लगेच कळते, पण माझ्या हातून उतरत नाही. तो कागद मी खोडला नाही, बाजूला ठेवला. हा दुसरा घेतला आणि सगळं प्रमाणभाषेत लिहिलं, आणि आता पहिल्यापासून पुन्हा वाचते आहे, ऱ्हस्व-दीर्घ बघत. हे कुठे पाठवायचं नाही हे मला कळतं. तरी तू तपासशील असं अजून वाटतं.